टॉय (म्हणजे अगदी छोट्या चणीच्या) जातीचा, पण अंगाने थोराड कुत्रा हवा असेल तर

कुत्र्यांच्या जातींची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार चिवावा 2.7 किलोच्या वर नको, यॉर्कशायर टेरियर 3.2 किलोपर्यंत. तरी याच जातींत 5 किलोचे कुत्रेही निपजतात. ते अस्सल जातीचेच असू शकतात, फक्त श्वानप्रदर्शनाच्या मापात बसत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर उलट हेच बरे, कारण कुत्र्याने सोफ्यावरून उडी मारल्यावर त्याचा पाय मोडण्याची धास्ती जरा कमी.

पिल्लाचे पंजे बघून अंदाज बांधू नका, बऱ्याचदा चुकतो. वर्ष उलटलेला कुत्राच मागा. टॉय जातींची वाढ तोवर पुरी झालेली असते. ब्रीडरकडे ‘मोठा झाला म्हणून प्रदर्शनातून काढलेला आहे का?’ असं सरळ विचारा. दत्तक देणाऱ्या संस्थेला वजनाची मर्यादा आधीच सांगून ठेवा. ‘किंग’, ‘जायंट’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला मात्र नमस्कार.

मोठा आणि लठ्ठ यांत गल्लत होते, पोमेरेनियनमध्ये तर केसांमुळे हमखास. केसांत बोटं घालून बरगड्या चाचपा: न दाबता लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. मग त्याला चालवा. मध्येच मागचा पाय उचलून दोन-चार पावलं लंगडला आणि पुन्हा नीट चालू लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. व्यवहाराआधी पशुवैद्याकडून गुडघे, दात आणि श्वासनलिका तपासून घ्या. खोकताना हंसासारखा आवाज येत असेल तर श्वासनलिका कमकुवत असू शकते. अशाला गळपट्टा नको, छातीचा हार्नेस घाला.