आइस स्केट्सचं माप मिलिमीटरमध्ये घ्या

मुंबईकरांची बर्फावरच्या स्केटिंगशी पहिली गाठ पडते ती बहुधा स्नो पार्कमधल्या भाड्याच्या बुटांतून. नाहीतर सोसायटीच्या आवारात रोलर किंवा इनलाइन (एका रांगेत चाकं असलेलं) स्केटिंग शिकलेलं पोर गुरुग्राम, डेहराडून, सिमला किंवा लेहला जाऊन पहिल्यांदा बर्फावर उभं राहतं तेव्हा. दोन्हीकडे एकच चित्र दिसतं: घोटे आत कललेले, गुडघे एकमेकांवर आपटतायत, हात कठड्याला घट्ट. बाजूचा कुणीतरी सांगतो, "याचे घोटे कमजोर आहेत." मूल ते ऐकतं आणि तेच धरून बसतं.

आधी बूट बघा. बहुतेक वेळा तो एक-दीड नंबर मोठा असतो. आत टाच हलत असेल तर घोट्याला आधार मिळत नाही, मग लेस कितीही आवळा. मोठ्या बुटातला पाय तीन-चार मिलिमीटरच्या ब्लेडवर सरळ राहील अशी अपेक्षा धरणं हा त्या पायावर अन्याय आहे.

नंबरचा घोळ

आपल्याकडे दुकानात "आठ नंबर द्या" म्हणतो तो बहुधा ब्रिटिश आठ असतो. अमेरिकी पुरुषांच्या मापात तो साधारण नऊ, आणि अमेरिकी बायकांच्या मापात त्याच लांबीचा पाय दहाच्या आसपास. स्केट बनवणाऱ्या कंपन्यांची मापं याहूनही वेगळी चालतात. बॉअर आणि सीसीएमचे आइस हॉकीचे स्केट्स अमेरिकी बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड नंबर कमी घ्यावे लागतात. फिगर स्केटिंगच्या, म्हणजे गिरक्या-उड्यांच्या स्केटिंगच्या, बुटांत एडियासारखी कंपनी थेट मिलिमीटर सांगते, तर जॅक्सन आणि रीडेलचे स्वतःचे तक्ते आहेत. म्हणून रोजच्या बुटाचा नंबर विसरा. पाय मोजा आणि तो आकडा त्या त्या कंपनीच्या, त्या त्या मॉडेलच्या तक्त्यावर बघा. एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नका.

ब्रिटिश किंवा अमेरिकी अर्धा नंबर म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर. मोजताना पेन्सिल तिरकी धरली तर तेवढी चूक सहज होते.

मोजायचं कसं

मोजायला संध्याकाळ चांगली, पण लोकलमध्ये तासभर उभं राहून घरी आल्या आल्या नको. पाय सुजलेले असतात आणि रिंकवरच्या (बर्फाच्या स्केटिंग मैदानावरच्या) थंडीत ते तेवढे राहत नाहीत. अर्धा तास बसा, मग मोजा.

ए-फोर कागद फरशीवर ठेवा. भिंतीला टाच टेकवायची हे सगळेच सांगतात, पण आपल्या घरांत स्कर्टिंगच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई असते आणि टाच दोन-तीन मिलिमीटर पुढे राहते. त्याऐवजी भिंतीला लावून एक जाड पुस्तक आडवं ठेवा, कागदाची कड त्याला भिडवा आणि टाचही त्यालाच टेकवा. जे मोजे घालून स्केटिंग करणार तेच पातळ मोजे घाला. दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन, गुडघे सरळ ठेवून उभे राहा. खाली वाकून स्वतःचं माप स्वतः घेऊ नका, वाकलं की वजन पुढे जातं आणि आकडा बदलतो. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. सर्वात लांब बोटासमोर कंपासपेटीतला गुण्या उभा धरून खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तिथे त्या बोटापासून माप घ्यायचं.

मग चवड्याचा सर्वात रुंद भाग: आतल्या बाजूचं हाड आणि करंगळीच्या बाजूचं हाड, दोन्हीकडे खूण करून मधलं अंतर. त्याच जागी शिवणाची टेप गुंडाळून घेरही मोजा. दोन्ही पाय मोजा. फरक जवळजवळ प्रत्येकाला असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा आणि लहान पायाकडे सुकतळ्याखाली पातळ थर घालून जागा भरायची.

रुंदीचा आकडा लोक मोजतच नाहीत, आणि घोटाळा नेमका तिथे होतो. वर्षानुवर्षं चपला-सँडल वापरलेल्या पायाचा चवडा अनेकदा पसरट असतो आणि टाच मात्र अरुंद. असा पाय अरुंद बुटात घातला की चवडा दाबला जातो, माणूस एक नंबर मोठा मागतो, चवड्याला जागा मिळते आणि टाच सुटते. इथे नंबर वाढवायचा नसतो, रुंदी बदलायची असते. बॉअरमध्ये फिट १, २, ३ असे आकार येतात, १ सर्वात निमुळता आणि ३ सर्वात ऐसपैस. सीसीएममध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. जॅक्सन आणि रीडेलही एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदी देतात.

मुलांसाठी "वाढत्या मापाचा"

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसा स्केट घेऊ नका. मोजलेल्या लांबीपेक्षा फार तर ५ मिलिमीटर जास्त, त्यापुढे नाही. स्केट महाग असतात आणि पाय भराभर वाढतो, हे आईवडिलांचं गणित अगदी खरं आहे. पण दीड नंबर मोठ्या बुटात शिकलेलं मूल बोटांनी सुकतळा घट्ट धरून ठेवायला शिकतं आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. त्यापेक्षा नेमक्या मापाचा वापरलेला बूट बरा. मात्र घोट्यापाशी मोडून मऊ पडलेला नको. घेण्याआधी वरचा भाग दोन्ही हातांनी आत दाबून बघा. पुठ्ठ्यासारखा मुडपला तर सोडून द्या.

कडकपणाचंही तसंच आहे. उड्या मारणाऱ्या खेळाडूंसाठी केलेला दणकट बूट नवशिक्या किंवा हलक्या मुलाच्या पायात वाकतच नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, आणि मूल काठीसारखं ताठ उभं राहतं.

घालून बघताना

ब्लेडवर गार्ड, म्हणजे धार झाकणारं कवच, चढवा आणि सतरंजीवर बसा. लेस पार खालपर्यंत सैल करा. नुसत्या वरच्या दोन हुकांतून काढून पाय कोंबू नका. सुरुवातीला लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या आणि टाचेमागे एक बोट घालून बघा. एक बोट जेमतेम जात असेल तर लांबी ठीक. दोन बोटं आरामात जात असतील तर बूट मोठा आहे, पुढची कुठलीच चाचणी करायची गरज नाही.

नंतर बुटाची टाच जमिनीवर दोनतीनदा आपटून पाय मागे बसवा आणि लेस बांधा. उभं राहिल्यावर बोटांची टोकं बुटाच्या आतल्या भिंतीला अगदी हलकी, पिसासारखी लागायला हवीत. मुडपलेली नकोत. गुडघे वाकवले की टाच मागे रुतते आणि बोटं किंचित सुटतात. आता टाच वर उचलायचा प्रयत्न करा. ती बुटासकट उठली पाहिजे, बुटाच्या आत नाही.

समोरून लेसच्या दोन ओळींमधलं अंतर बघा. ते खालून वरपर्यंत साधारण सारखं, ४ ते ५ सेंटिमीटरच्या आसपास असावं. दोन्ही कडा एकमेकींना भिडत असतील तर बूट तुमच्या पायाला रुंद आहे. मधेच फाकत असेल तर तिथे अरुंद. हॉकी स्केटमध्ये आणखी एक तपासणी करतात: लेस सैल असताना, बुटाची जीभ (लेसखालची पट्टी) पुढे ओढून, वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती पावलाला टेकून वर उचलली जात असेल तर बुटाची खोली तुमच्या पायाला कमी आहे, आणि पुढे लेस तिथेच चावणार.

हे झालं की काढू नका. वीस मिनिटं बूट घालून घरात बसा, उठा, गुडघे वाकवा. सगळीकडून सारखा घट्ट दाब येत असेल तर तो चांगला दाब. एखाद्या बिंदूवर टोचणं, मुंग्या येणं, बोटं बधिर होणं हे मात्र "वापरून सैल होईल" म्हणून सोडून द्यायचं नसतं.

लेस

नेमक्या मापाचा बूटही लेस चुकीची बांधली तर मोठा वाटतो. सगळीकडे सारखाच आवळून बांधणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. पायाचे तीन भाग मनात धरा. बोटांवरच्या पहिल्या दोनतीन जोड्या: फक्त ढिलाई काढायची, बोटं आत हलली पाहिजेत. पावलाचा उंचवटा आणि घोट्याची घडी: इथे खरा जोर लावायचा, कारण टाच मागे धरून ठेवणारी जागा हीच. घडीपाशी लेस एकमेकींभोवती एकाऐवजी दोनदा पिळून घ्या म्हणजे वरचं बांधताना खालचं सुटत नाही. सर्वात वरचे हुक: गुडघा वाकवलेल्या अवस्थेत बांधायचे, आणि मागच्या बाजूने एक बोट आत जाईल इतके सैल ठेवायचे. बांधण्याआधी जीभ मधोमध आहे ना ते बघा. ती बाजूला सरकली की नडगीच्या पुढच्या शिरेवर लेसचा वळ उठतो, आणि ते दुखणं आठवडाभर जात नाही.

मोजे एकच आणि पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे घातले की पाय आत घसरतो, घाम धरतो आणि फोड येतात. पाय जास्त गारठतोय असं वाटलं तर आधी बोटांवरची लेस सैल करून बघा, रक्त खेळायला लागलं की ऊब येते.

कुठे दुखतं त्यावरून

तळव्यात पेटके येत असतील तर लोक बूट घट्ट आहे असं समजतात. बहुधा उलट असतं: बूट मोठा आहे आणि पाय तो धरून ठेवायला धडपडतोय. सपाट तळव्यांनाही असं होतं, तिथे कमान उचलून धरणारा सुकतळा टाकून बघा.

घोट्याच्या हाडावर टोचत असेल तर जागा नेमकी शोधायला एक सोपी युक्ती आहे. हाडावर ओलं कुंकू किंवा लिपस्टिक लावा, अनवाणी पाय अलगद बुटात घाला, लेस बांधा, काढा. अस्तरावर डाग उमटतो तिथेच बूट आतून दाबून फुगवायचा असतो. स्केटच्या दुकानात त्यासाठी गोळा आणि कडी असलेली चिमट्यासारखी पकड असते. मोच्याकडचा लाकडी फर्मा सगळा बूटच ताणतो, त्यामुळे टाचेची पकड जाते. तो वापरू नका. चामड्याच्या बुटाचं किरकोळ काम, म्हणजे आयलेट बदलणं किंवा सुटलेली शिवण, कुर्ल्याजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या बूट बनवणाऱ्यांकडे विचारता येईल. कार्बन किंवा फायबरच्या बुटाला मात्र जाणकाराशिवाय कुणाचा हात लागू देऊ नका.

ओव्हनमध्ये गरम करून पायाच्या आकाराला बसवता येणारे बूट मिळतात. तापमान आणि वेळ कंपनी देते, आणि दोन मॉडेलांत ती वेगळी असते. घरच्या ओव्हनचा काटा भरवशाचा नसतो. डिंक सुटला की बूट गेला. आणि गरम करून रुंदी थोडी जुळते, लांबी नाही.

बूट नीट बसला, लेस नीट बांधली, तरी एक पाय आत कलतोय? मग ब्लेड कुठे बसवलंय ते बघा. नव्या फिगर बुटाला ब्लेड आधी लांबट भोकांतल्या मोजक्याच स्क्रूंवर बसवतात, म्हणजे ते एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवता येतं. ते जुळल्यावरच बाकीचे स्क्रू. पाय घसरतोय असं वाटलं तर धारही तपासा, नवं ब्लेड अनेकदा धार न लावताच हातात येतं.

मुंबईतून घेताना

धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत मिळतात ते मुख्यतः रोलर आणि इनलाइन. बर्फाचे स्केट्स बाहेरून मागवायचे तर कस्टम्सचा खर्च येतो आणि परत पाठवणं जिवावर येतं, म्हणून वरचं माप दोन वेगळ्या दिवशी घ्या आणि दोन्ही आकडे जुळले तरच ऑर्डर करा. रिंकवर जाणार असाल तर तिथे दोन-तीन नंबर भाड्याने घालून बघणं हा त्याहून चांगला मार्ग. भाड्याचा बूट घेताना नेहमीचा नंबर आणि त्याच्या खालचा, दोन्ही मागा. खालचा बसला तर तोच घ्या, बक्कल मोडकं असेल तर लगेच बदलून घ्या.

शेवटचा शत्रू आपली हवा. पावसाळ्यात ओलं ब्लेड रात्रभर प्लास्टिक गार्डमध्ये राहिलं की सकाळी गंज दिसतो, आणि ओला सुकतळा कुजून चपटा झाला की चांगला बसणारा बूट दोन महिन्यांत सैल होतो. वापरून झालं की ब्लेड आणि स्क्रूंची डोकी कोरड्या फडक्याने पुसा, सुकतळा बाहेर काढा, जीभ पुढे ओढून बूट पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, चामडं आखडतं. सुकल्यावर ब्लेडला टॉवेलच्या कापडाची खोळ घाला आणि बुटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. मुलाचा पाय दर तीन महिन्यांनी त्याच पुस्तकाला टेकवून मोजा, आणि कागदावर तारीख लिहा.