टांझानियात लोकसंख्या आणि कारभाराचा अभ्यास करायला जाताय? मग हे वाचून जा

मी देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतून मास्टर्स केलं आणि नंतर काही वर्षं टांझानियात, जास्त करून डोडोमा आणि सिंगिडा भागात, आरोग्य सर्वेक्षणाचं काम केलं. २०२३ ला टांझानियातल्याच झांझिबार बेटांवर आयआयटी मद्रासचा कॅम्पस सुरू झाल्यापासून आपल्याकडची मुलं तिकडची चौकशी करायला लागलीत, डेमोग्राफी किंवा पब्लिक पॉलिसीवाले पण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी देशाचा आवाका बघा. १९६७ च्या जनगणनेत साधारण १ कोटी २३ लाख लोक होते, २०१२ ला ४ कोटी ४९ लाख आणि २०२२ ला ६ कोटी १७ लाख. म्हणजे ५५ वर्षांत पाचपट! एका बाईला सरासरी पावणेपाचच्या वर मुलं होतात आणि अर्ध्याच्या आसपास लोकसंख्या १८ वर्षांच्या आतली आहे. हे वाचून कळत नाही, सकाळी गावातल्या प्राथमिक शाळेच्या समोर जाऊन उभं राहा, एकेका वर्गात किती पोरं बसलीत ते बघा, मग शिक्षक, दवाखाने, पाणी या सगळ्यावर सरकारला किती पळावं लागतं ते समजतं.

आता कारभार. बहुतेक जण पुस्तकातून राष्ट्राध्यक्ष, संसद असं वरून वाचत खाली येतात, मला विचाराल तर उलटं करा, गावापासून सुरू करा. गाव म्हणजे किजिजी, त्याच्या खाली वस्ती, तिला किटोंगोजी म्हणतात, गावाच्या वर काटा म्हणजे वॉर्ड, मग विलाया म्हणजे जिल्हा आणि सगळ्यात वर म्कोआ म्हणजे प्रांत. असे प्रांत ३१ आहेत, २६ मुख्य भूमीवर आणि ५ झांझिबारमध्ये. गावात दोन माणसं महत्त्वाची, एक निवडून आलेला अध्यक्ष, म्वेन्येकिती, आणि दुसरा जिल्हा कौन्सिलने नेमलेला पगारी अधिकारी, त्याला सगळे व्हीईओ (व्हिलेज एक्झिक्युटिव्ह ऑफिसर) म्हणतात. वरपर्यंत असंच आहे, काटामधून दिवानी म्हणजे नगरसेवकासारखा सदस्य निवडून जातो, पण जिल्ह्याचा आणि प्रांताचा कमिशनर राष्ट्राध्यक्ष नेमतात. आपल्याकडे कलेक्टर आणि झेडपी ज्याला कळतं त्याला हे दोन धागे लगेच कळतील, फक्त तिकडे नेमलेल्या बाजूचं वजन खूपच जास्त आहे आणि सीसीएम हा एकच पक्ष १९७७ पासून (त्याचा आधीचा अवतार धरला तर स्वातंत्र्यापासून) सत्तेत आहे हे लक्षात ठेवा.

हे सगळे थर तुम्हाला परवानगी काढतानाच भेटतात. परदेशी संशोधकाला आधी कॉस्टेकचं, म्हणजे तिकडच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचं, रिसर्च परमिट, मग इमिग्रेशनचा क्लास सी रेसिडेन्स परमिट, विषय आरोग्याचा असेल तर एथिक्सची मंजुरी वेगळी. ती कागदं घेऊन प्रांताच्या ऑफिसात, तिथून पत्र घेऊन जिल्ह्याला, जिल्ह्याचं पत्र काटाला, काटाचं व्हीईओला. प्रत्येक ठिकाणी शिक्का, सही, आणि पाहुण्यांच्या वहीत नाव, कुठून आलात, कशासाठी आलात ते लिहायचं. व्हीईओचं ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याची एक खोली, टेबल, भिंतीवर पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे आणि सध्याच्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो. नवीन मुलं यात कंटाळतात, घाई करतात, प्लीज करू नका. पत्राची वाट बघत बाकावर बसलं की कोण कशाची तक्रार घेऊन येतं, जमिनीचं भांडण कोण सोडवतं, ते समोर दिसतं, आणि अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा नाही. मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणूनच बोलायला सुरुवात करा. आणि त्यांचं घड्याळ सकाळी ६ पासून मोजतात, तीन वाजता या म्हणाले की सकाळी नऊ समजा.

घरोघरी मुलाखती घेताना सगळ्यात अवघड काय तर वय. म्हाताऱ्या माणसांना जन्मवर्ष माहीत नसतं, सांगतात ते शून्य किंवा पाचवर संपणारं, त्यामुळे ६० ला एकदम उंच खांब आणि ६१ ला काहीच नाही असा ग्राफ येतो. म्हणून आम्ही घटनांची यादी बरोबर ठेवायचो. १९६१ चं स्वातंत्र्य, १९७८-७९ चं युगांडाबरोबरचं युद्ध, १९८५ ला न्येरेरे पायउतार झाले ते. सगळ्यात जास्त उपयोगी पडायची १९७३ ते ७६ ची 'ओपरेशन विजिजी', जेव्हा सरकारने विखुरलेल्या लाखो लोकांना, कित्येक ठिकाणी जबरदस्तीने, नव्या गावांत आणून वसवलं. एक आजी म्हणाल्या, आम्हाला ट्रकमधून आणलं तेव्हा माझा थोरला पाठीवर बांधलेला होता. झालं, आईचं पण आणि मुलाचं पण वय बऱ्यापैकी बसलं. आज रस्त्याकडेला ओळीत घरं आणि शेतं लांब असं गाव दिसलं तर ते बऱ्याचदा त्याच काळातलं असतं.

जात-जमात आणि धर्म मात्र विचारू नका, १९६७ नंतर जनगणनेतसुद्धा ते विचारत नाहीत. १२० च्या वर जमाती असून देश स्वाहिलीवर एकत्र राहिला, त्यामागे हा विचार आहे आणि मला तो मनापासून पटतो. राजकीय मतं तर अजिबात नकोत. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत मुख्य विरोधी पक्ष बाहेर, इंटरनेट बंद, दार-एस-सलाममध्ये कर्फ्यू, लोकांवर गोळीबार, असं सगळं झालंय, तुम्ही निघून याल पण उत्तर देणारा तिथेच राहणार आहे. आकडे छापतानाही कायदा वाचा, २०१८ ला सरकारी आकड्यांना खोटं पाडणारी आकडेवारी प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं होतं, बरीच टीका झाल्यावर २०१९ ला ते सौम्य केलं.

झांझिबारचं सगळं वेगळं. १९६४ ला टांगानिका (म्हणजे मुख्य भूमी) आणि झांझिबार एक झाले तरी १९ लाखांच्या त्या बेटांना स्वतःचा राष्ट्राध्यक्ष, स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचं सांख्यिकी कार्यालय आहे, त्यामुळे संशोधनाची परवानगी पण वेगळी काढावी लागते.

निघायच्या आधी सहा महिने तरी स्वाहिली शिका आणि २०२२ चे जनगणनेचे तक्ते घरी बसून चाळा, नेटवर फुकट आहेत. एखादा प्रांत घेऊन २०१२ शी तुलना करा, पण हद्दी बदलल्यात का ते आधी तपासा. उदाहरणार्थ म्बेया, त्यातून २०१६ ला सोंगवे वेगळा काढला, २०१२ च्या म्बेयाच्या आकड्यात तो होता, तो २०२२ ला पण धरला नाही तर म्बेयाची लोकसंख्या दहा वर्षांत घटली असं उत्तर येईल, आणि घटलेली तर नाहीच, सोंगवे मिळवला की जवळपास दहा लाखांनी वाढलीय.