मोटरसायकलचा सायलेन्सर घरी कसा उतरवावा

कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी भिजतच असते. खंडेनवमीला ती धुऊन हार घालायला खाली वाकलं की सायलेन्सरच्या पोटाला हात लागतो आणि बोटांवर तांबडा भुगा येतो. वरून क्रोम चकचकीत, खालून पत्रा खाल्लेला. म्हणून नवरात्राच्या आधीच्या एका रविवारी मी सायलेन्सर उतरवतो, गंज घासतो, पुढच्या जोडातलं पॅकिंग बदलतो आणि तोच परत चढवतो. काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि ज्याला पाना धरता येतो त्याला जमतं. फक्त इंजिनच्या हेडजवळच्या, म्हणजे जिथे पाइप इंजिनला जोडतो तिथल्या, दोन नटांना त्यांचा वेळ द्यावा लागतो. बाकी सगळं सोपं आहे.

गंज आतूनही चढतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या पल्ल्यावर ते वाफ होऊन निघून जातं. पण शाहूपुरीतून महाद्वार रोडला जाऊन आलं, एवढ्यानं सायलेन्सर आतून नीट तापतही नाही, पाणी पोटात साठून राहतं. बऱ्याच सायलेन्सरना सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक असतं ते हे पाणी निघून जाण्यासाठीच. सकाळी तिथून थेंब गळतात म्हणून ते भोक एम-सील लावून बुजवणारे मी पाहिलेत. कृपया तसं करू नका.

आधी सामान जमवा. हेडच्या नटांना बहुतेक गाड्यांत १० किंवा १२ चा गोटी पाना (सॉकेट) लागतो, मागच्या बोल्टला १४ किंवा १७ चा. सोबत लांब एक्स्टेन्शन, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे आणि कॉपर ग्रीस. फिक्स पाना या नटांना लावू नका, तो दोनच बाजूंनी धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे झिजवतो. कोपरे गेले की नट गोल झाला आणि तुमचा रविवार गेला. नवीन पॅकिंग आधी आणून ठेवा. ही तांब्याची किंवा ग्रॅफाइटची रिंग एकदा दाबून बसली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, मग त्या फटीतून धूर फटफटतो. दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा.

आदल्या रात्री गाडी पूर्ण थंड झाल्यावर हेडजवळचे दोन्ही नट आणि त्यांतून डोकावणारी स्टडची, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टची, टोकं तारेच्या ब्रशनं घासा. मग स्प्रे मारा, झोपायच्या आधी पुन्हा एकदा मारा. स्प्रे नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून ब्रशनं सोडलं तरी चालतं. मात्र तापलेल्या पाइपवर यातलं काहीही टाकू नका, पेट घेतं. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, त्यात पावसाचं पाणी आणि रोजचं तापणं-निवणं, त्यामुळे आटे एकमेकांना धरून बसतात. तेल त्या आट्यांत झिरपायला रात्र लागते.

सकाळी गाडी डबल स्टँडवर घ्या. १ एप्रिल २०२० नंतर विकलेली, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर बऱ्याचदा पुढच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. त्याची वायर वरपर्यंत शोधत जा आणि कनेक्टरचं लॉक दाबून सोडवा. सेन्सर पाइपवर तसाच राहू दे. वायर जोडलेली ठेवून सायलेन्सर खाली आला तर ती तुटते, आणि सेन्सर स्वस्त नाही.

आता ते दोन नट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका जुन्या मिस्त्रींनी मला शिकवलं होतं, "आदी जरा आवळ लेका, मग सोड." म्हणजे नट उघडायच्या दिशेनं लगेच जोर लावायचा नाही. आधी अगदी केसभर आवळायचा, तेवढ्यानं गंजाची पकड मोडते. मग पाव फेरा उघडायचा, थोडा परत आवळायचा, तेल सोडायचं, पुन्हा उघडायचा. नट सुटताना चर्रर्र असा कोरडा आवाज येतो, तो चांगला. पण पाना मऊ लागायला लागला, रबर पिळल्यासारखा, तर नट फिरत नसतो, स्टड पिळवटत असतो. त्या क्षणी हात काढा. हे मी एक स्टड मोडून शिकलोय. पाना एकदम हलका झाला आणि नट अर्ध्या स्टडसकट गोटीतच राहिला. मग हेड खोलून उद्यमनगरात न्यावं लागलं. त्यांनी उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, आणि सकाळचं काम आठवड्यावर गेलं. म्हणून नट हट्टाला पेटला तर पुन्हा तेल सोडा आणि आणखी एक रात्र थांबा. घरी गॅसची ज्योत लावायचा विचारही नको, वर पेट्रोलची टाकी आहे. कधी नटाबरोबर अख्खा स्टडच आटे सोडून बाहेर येतो. त्यात काही बिघडलं नाही, तो परत बसवता येतो.

पुढचे नट निघेपर्यंत मागचा बोल्ट काढू नका, सायलेन्सरचं वजन त्यानंच पेललेलं असतं. शेवटी तो काढताना एकानं सायलेन्सर खालून धरावा, तेवढ्यासाठी घरातल्या कुणालातरी हाक मारा. मग पुढचं तोंड स्टडवरून सरळ पुढे ओढून घ्या. काही गाड्यांत फ्लँजमागे, म्हणजे नट बसतात त्या पट्टीमागे, दोन अर्धगोल कॉलर असतात. त्या टणकन खाली पडून गटारात जातात, म्हणून आधीच खाली गोणपाट अंथरा. बुलेटसारख्या गाडीत बेंड पाइप आणि मागची पुंगळी वेगळी असते. तिथे फक्त पुंगळी काढायची तर जोडावरचा क्लॅम्प ढिला करायचा, मागचे बोल्ट काढायचे आणि पुंगळी डावी-उजवी फिरवत मागे ओढायची. अडली तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका, पत्र्यावर हातोडा नको. दोन सायलेन्सरची गाडी असेल तर एक पूर्ण काढून मगच दुसऱ्याला हात घाला.

हेडचं भोक उघडं पडलं की त्यात स्वच्छ फडकं कोंबा, आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवा म्हणजे बसवताना विसरणार नाही. जुनं पॅकिंग त्याच भोकात चिकटलेलं असतं, ते स्क्रू ड्रायव्हरनं हळूच उचकटा. ते राहिलं आणि वर नवीन बसलं तर जोड गळणारच.

पुरात बुडालेल्या गाडीला हे काम लगेच करावं लागतं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, तेव्हा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी किक मारून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा, सायलेन्सर उतरवा आणि उभा धरून गाळाचं पाणी ओता. इंजिन मिस्त्रीला दाखवल्याशिवाय चालू करू नका.

रंगाचं फार सांगत नाही. क्रोमवर रंग टिकत नाही, ते फक्त पुसून घ्या. काळा सायलेन्सर १२० आणि मग २४० च्या पॉलिश पेपरनं घासा, थिनरनं पुसा आणि उष्णता सोसणारा काळा स्प्रे पातळ थरांत मारा.

बसवताना क्रम उलटा. हेडमधलं फडकं काढा, नवीन पॅकिंगला बोटभर ग्रीस लावा म्हणजे ते भोकात चिकटून राहतं, आणि स्टडच्या आट्यांना कॉपर ग्रीस लावा. साधं ग्रीस तिथल्या उष्णतेत जळून जातं. आधी सगळे नट-बोल्ट फक्त हातानं धरवा. मग हेडचे दोन नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा आणि मागचा बोल्ट शेवटी घट्ट करा. मागचा आधी आवळला तर पाइप ओढून बसतो आणि पुढचा जोड तिरका राहतो. स्टड ६ मिलिमीटरचा असेल तर पाना मुळाशी धरून मनगटाचा जोर पुरतो. सेन्सरची वायर जोडायला विसरू नका.

गाडी बंद पार्किंगमध्ये नाही, उघड्यावर चालू करा, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन थंड असतानाच जोडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर बंद करा आणि गाडी निवल्यावर पुन्हा आवळा. रंगाचा थोडा धूर पहिल्या दिवशी येतो, त्याची काळजी नको.

सायलेन्सर उतरवलाच आहे तर मोठ्या आवाजाचा लावू, असं म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२० नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गल्लीत आजारी माणूस असतो, पाळण्यात बाळ असतं. कंपनीचाच सायलेन्सर परत लावा.

मग जोतिबाच्या डोंगरावर एक चक्कर मारून या. घाटात सायलेन्सर चांगला तापतो आणि पॅकिंग दाबून बसतं. घरी आल्यावर गाडी रात्रभर निवू द्या आणि सकाळी हेडचे दोन्ही नट पुन्हा बघा, बहुतेक वेळा आठवा भाग फेरा तरी घेतात.