हिरवा दिवा होता, तरी पिस्टन गेला
टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, तो जादा दाब म्हणजे बूस्ट, आणि मिश्रण आपोआप अवेळी पेटून ठोके बसतात ते नॉकिंग; एवढं धरून चालतो. निम्मं पाणी, निम्मं मेथॅनॉल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, फवारलं की हवा गार होते, नॉकिंग लांबतं, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेता येतं. घोडं पेंड खातं ते पुढे.

पंप चालतोय हे कळावं म्हणून मी लाइनवर प्रेशर स्विच लावला होता. प्रेशर आलं की डॅशबोर्डवर हिरवा दिवा. त्या दिव्याच्या भरवशावर बूस्ट वाढवला, टायमिंग चार डिग्री पुढे घेतलं. महिन्याभरात हेड उघडावं लागलं. दोन नंबरच्या पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटलेली. फवारा मारणारं नोझल उजेडात धरलं तर भोकात पांढरा खडा! डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून टाकीत बोअरचं पाणी ओतलं होतं, मीच.

आता हे नीट वाचा, हवं तर दोनदा. नोझल चोकअप झालं की प्रेशर पडत नाही, उलट चढतं. पंप ढकलतोय आणि पुढे वाट नाही. म्हणजे स्विच खूश, दिवा हिरवा आणि सिलिंडरमध्ये टिपूसही नाही. नळाच्या तोंडावर बोट दाबून बघा : जोर भरपूर, बादली कोरडी. म्हणून फ्लो मोजा. फ्लो सेन्सरची वायर थेट ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) द्या; फ्लो पडला की बूस्ट खाली, टायमिंग मागे, आपोआप. दिवा बघून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढू म्हणाल, तर तेवढा वेळ मिळत नाही.

१९६२च्या ओल्ड्समोबील जेटफायर या टर्बो गाडीत पाणी-मेथॅनॉलची टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट खाली दाबून धरायची. माझ्या उस्तादांना मात्र सेन्सर म्हणजे फालतू खर्च. ते कानाने ट्यून करतात. कान तयार आहे त्यांचा, पण इंजिन माझं होतं.

ई८५वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) जाणाऱ्यांसाठी एवढंच : तेवढ्याच हवेला वजनाने पेट्रोलच्या साधारण दीडपट इंधन लागतं, तेव्हा आधी इंजेक्टर आणि पंप बघा. मीटरवरचा एएफआर (हवा-इंधनाचं प्रमाण) बहुधा पेट्रोलच्या स्केलचा असतो. लॅम्डा, म्हणजे इंधनाला लागते त्याच्या किती पट हवा आहे, ते वाचायची सवय लावा.

आणि मेथॅनॉल हातमोज्यांशिवाय हाताळू नका. ते कातडीतून अंगात जातं, त्याची ज्योत दिवसा धड दिसतही नाही.

घाबरवत नाहीये. तेच इंजिन आज जास्त बूस्टवर निवांत चालतंय. फक्त दर महिन्याला नोझल काढून बाटलीत सोडतो, मिनिटभर पंप चालवतो आणि किती मिली आलं ते टाकीच्या झाकणावर मार्करने लिहितो.