शेवभाजीच्या मुलखात वजन उतरवताना

खान्देशात वजन कमी करायला निघालेला माणूस सगळ्यात आधी भाकरी सोडतो. बिचारी भाकरी! ७०-८० ग्रॅम पिठाची दादरची, म्हणजे इथल्या रब्बी ज्वारीची, एक भाकरी म्हणजे २५०-२८० कॅलरी. हॉटेलातल्या शेवभाजीच्या एका प्लेटमध्ये ५० ग्रॅम शेव धरली तर तिच्याच पावणेतीनशे होतात. वर तरंगणारी तेलाची तर्री तीन मोठे चमचे भरली तर आणखी साडेतीनशे. म्हणजे दोन भाकरींपेक्षा जास्त कॅलरी त्या एका प्लेटमध्येच आल्या, आणि पथ्य मात्र भाकरीचं!

म्हणून सुरुवात तेलापासून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच किलो तेल पुरेसं आहे. माणशी दिवसाला साधारण २० ग्रॅम पडतं. एक तारखेला तेवढं वेगळ्या डब्यात काढा आणि डब्यावर तारीख लिहा. पहिल्या महिन्यात डबा पंधरा-सोळा तारखेलाच रिकामा होतो. घाबरू नका, गळती कुठे आहे ते त्यामुळेच कळतं. बहुतेकदा ती भरताच्या फोडणीत असते. वांगं १०० ग्रॅमला पंचवीसेक कॅलरीचं, काड्यांवर भाजायला तेल लागत नाही. मग फोडणीत वाटीभर ओतून आपणच सगळं वाया घालवतो. किलोभर वांग्यांना तीन मोठे चमचे तेल पुरतं. मिरच्याही वांग्यांसोबतच भाजून घ्या, तळू नका. शेंगदाणे मोजून मूठभर.

शेवभाजी सोडायची गरज नाही. कांदा-खोबरं कोरडंच भाजा, रस्सा दोन चमचे तेलात करा, उकळल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा. खोबऱ्याचं तेल सुटून थोडी तर्री येतेच. शेव कढईत टाकू नका, ताटात घ्या आणि २५ ग्रॅम काट्यावर मोजून घ्या. पातेल्यात पडलेली शेव कुणी मोजत नाही.

पोट भरायचं काम प्रथिनांवर सोपवा. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीत उडीद असतोच. जोडीला वाटीभर घट्ट वरण, ताक, चालत असतील तर दोन अंडी. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, माणूस बारीक दिसतो पण जिना चढताना धापतो. बट्टी तळून खाल्ली तर त्या दिवशी दुसरं काही तळलेलं नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरणपोळी खा, मात्र पुढचे तीन दिवस काट्यावर चढू नका. तेवढ्यात वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं असतं.

वजन सकाळी, शौचानंतर, चहाआधी, त्याच काट्यावर करा आणि आठवड्याची सरासरी धरा. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले तर त्यातही पाणीच जास्त असतं. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो हा वेग ठीक. भराभर उतरवलं तर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत आणायची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

खरी अडचण चौथ्या महिन्यात येते, आणि तिचा ताटाशी संबंध नसतो. सुरुवातीला कौतुक करणारे आता "काय भो, बिमार व्हता का?" विचारू लागतात. काटा एकाच आकड्यावर अडतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला इंधनही कमी लागतं. रात्री नऊ ते अकरा हात मोकळे असतात आणि फरसाणाचा डबा समोर. इतके दिवस कंटाळा, काळजी, एकटेपण यांच्यावर खाणं हेच औषध होतं. ते काढून घेतलं की पोकळी उघडी पडते. 'हे सगळं कशासाठी?' हा प्रश्न तेव्हा पडतो, विशेषतः निवृत्त झालेल्यांना आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यांना. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे म्हणून या भागातल्या माणसाला उत्तर लवकर सापडतं असं काही नाही. शरीराला एखादं काम द्या, तेही असं की तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडेल: गल्लीतल्या मुलांचा गणिताचा तास, शेतातला रात्रपाळीचा पंप, आजारी शेजाऱ्याला सकाळी फिरवून आणणं. आकडा गाठला की संपतो, पण वाट बघणारं माणूस दुसऱ्या दिवशीही वाट बघतंच.

ज्यांना मोठं काही हवं असेल त्यांनी चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगगडावर पायी जाण्याचं ठरवावं. तयारीला बारा आठवडे धरा. रोज तीन किलोमीटरपासून सुरू करा, दर आठवड्याला एक वाढवा, आणि शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस पंधरा-पंधरा चालून बघा. जळगावकरांना मेहरूण तलाव आहेच. उन्हं तापायच्या आत परत या, मीठ घातलेलं ताक सोबत ठेवा. बूट महिनाभर वापरलेलेच घाला. कोरे करकरीत बूट घालून निघालेला तिसऱ्या दिवशी पायाला फडकं बांधून टेम्पोत बसलेला असतो.