वेचणीची झोळी शिवायची तर आधी पऱ्हाटीत जा

धरणगावला माझं शिलाईचं छोटं युनिट आहे. शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा. पण कापूस वेचणाऱ्या बायांसाठी आम्ही झोळ्याही शिवतो, आणि नवीन काही करू पाहणारी पोरं त्या बघून विचारतात, ‘ताई, डिझाइन कुठून काढलं?’ वस्तू झोळी असो, विळा असो की मोबाइलचं ॲप, माझी रीत एकच आहे.

दिवाळीच्या आगेमागे, दव सुकल्यावर पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात जा. वही पिशवीतच राहू द्या. एक ओळ धरा आणि बायांच्या जोडीने वेचायला लागा. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचायला लागली की बरेच प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. मग बघा. बाईने साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवलाय, डोक्याला रुमाल आहे, कमरेला जुन्या साडीची ओटी. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, नजर पुढच्या बोंडावर असते, कापूस ओटीत न बघता पडतो. म्हणजे झोळीचं तोंड आपोआप उघडं राहिलं पाहिजे. मजुरी किलोवर असते; हाताची लय मोडणारी वस्तू ती दुपारच्या भाकरीपर्यंतसुद्धा अंगावर ठेवणार नाही.

एकाच वेचणीवर भागवू नका. बोंडं खालून वर फुटत जातात. पहिल्या वेचणीत बाई वाकलेली असते, झोळी मातीला घासते. पुढच्या वेचणीत ती बरीचशी उभी असते आणि फांद्या पट्ट्यात अडकतात. झोळी तीच, पण अंगाची ठेवण निराळी.

मापं कपड्यांवरून घ्या, म्हणजे साडी, शर्ट, सगळ्यासकट. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या प्रकल्पात देशभरच्या शेतमजुरांची शरीरमापं घेतलेली आहेत, ती जरूर बघा. पण सरासरीवर शिवू नका. सर्वांत किडकिडीत पोर आणि सर्वांत जाड मावशी, दोघींना बसेल असा लांब बंद ठेवला की मधल्या सगळ्या आपोआप सामावतात. नुसत्या कमरेवर ओझं आलं तर पाठ धरते, नुसत्या मानेवर आलं तर मान. म्हणून पाठीवर फुली पडेल असे दोन पट्टे.

आता सामान. वेल्क्रो शेतात चालत नाही; कापसाचे तंतू त्यात असे भरतात की दोन दिवसांत ते चिकटायचं थांबतं. चेनचीही तीच गत. साधी नाडी घ्या, सुरगाठीची, ओरखडलेल्या बोटांनी एका झटक्यात सुटणारी. तळाला तोंड आणि त्याला नाडी ठेवली तर झोळी न उतरवता कापूस गाठोड्यात ओतता येतो. अख्खी झोळीही पटकन निघाली पाहिजे. बाईला बांधाआड जायचं असतं, लेकराला घ्यायचं असतं. हे ती परक्या माणसाला सांगत नाही.

कापड सुतीच, आणि रंग न जाणारं. खताच्या गोणीचं प्लास्टिक स्वस्त पडतं, पण त्याचा एखादा धागा कापसात गेला तर तो पुढे सुतात येतो, रंग धरत नाही आणि रंगवलेल्या कापडावर उठून दिसतो. सूतगिरणीवाला झोळी कधी अंगावर घालणार नसला तरी त्याची गरज आपल्या टेबलावर असलीच पाहिजे. झोळीचं वजनही हलकं ठेवा. काट्यावर झोळीसकट वजन झालं तर वजावटीवरून वाद ठरलेलाच, म्हणून आम्ही झोळीच्या वजनाचा आकडा कोपऱ्यात शिवूनच देतो.

नमुना झाला की ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘चांगली शे ताई,’ हेच उत्तर येणार. आमच्याकडे घरी आलेल्याच्या तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. नमुना तिच्याकडेच ठेवून या आणि काही दिवसांनी न सांगता जा. झोळी अंगावर आहे की खुंटीवर? अंगावर असेल तर जवळून बघा. कुठे तिने गाठ मारून पट्टा आखूड केलाय, कुठे सुईदोऱ्याने टाके घातलेत, कुठे चिंधी गुंडाळलीय. एका मावशीने आमच्या खांद्याच्या पट्ट्याखाली रुमालाची घडी शिवून टाकली होती. पुढच्या खेपेपासून त्या जागी अस्तर आलं.

किंमत ठरवताना समोर जुनी साडी आहे हे विसरू नका, आणि ती फुकट असते. झोळ्या बहुतेकदा शेतमालक टोळीसाठी एकगठ्ठा घेतो. पैसे देणारा एक, वापरणारी दुसरी. त्याच्याशी स्वच्छ कापसाचं बोला, तिच्याशी पाठीचं. दोघांशी वेगवेगळं बसून बोला, कारण मालक समोर उभा असताना बाई खरं सांगत नाही.