बौद्धिक दिव्यांग माणसाला गावात सोबती कसा मिळेल?

विशेष शाळा साधारण १८ व्या वर्षी सुटते आणि पुढं तीस-पस्तिशीचा माणूस दिवसभर ओसरीवर बसून राहतो. घरचे जीव लावतात, पण त्याच्या वयाचं कुणी ‘चाल, येतो का?’ म्हणत नाही.

आधी आठवडाभर नुसतं पाहा. खंजिरी वाजली की त्याची मान वळते, की पाय बैलांकडे जातात? सोबती तिथंच मिळतो. नुसत्या गप्पांत तो मागं पडतो. हातात काम असलं की बरोबरीनं टिकतो. म्हणून भजनी मंडळातल्या एखाद्या समवयस्काला नेमकं विचारा: ‘गुरुवारी तुमच्यासंगं येऊ द्या, सतरंजी तो अंथरेल, टाळ वाटेल.’ पहिले चार गुरुवार अर्धा तासच. वार बदलू नका. कॅलेंडरवर त्या तारखांना सोबत्याचा फोटो चिकटवा, म्हणजे ‘आज जायचं का?’ हे त्याचं त्यालाच कळतं. लहान पोरांत सोडू नका. खेळता खेळता चिडवाचिडवी कधी सुरू होते, समजत नाही.

मुलीसाठी बचत गटाची बैठक पाहा. तिला घराबाहेर पाठवायला आपण जास्त कचरतो, म्हणून ती जास्त एकटी पडते.

शाळेतला जुना सोबती दुसऱ्या गावी असेल, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला भेट घडवा. दिव्यांग ओळखपत्र सोबत ठेवा, एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

फोनमध्ये फोटोवर बोट ठेवलं की कॉल लागेल असं करून द्या, पण दिवसाला एकच फोन ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. दहा-पंधरा फोन गेले की समोरचा उचलणंच सोडतो, आणि मग आपलं काय चुकलं हे याला कळत नाही.

कुणी ‘जेवला का रे?’ विचारलं की उत्तर आईच देते. तसं करू नका. मनात दहापर्यंत मोजा. शब्द जुळवायला त्याला तेवढा वेळ लागतो.

एक मात्र तपासत राहा. सोबती याला बोलावतो, घरी येतो, की नुसता खर्रा आणायला पिटाळतो? पैसे मागितले, नको तिथं हात लावला किंवा ‘घरी सांगू नको’ म्हटलं, तर त्यानं लगेच घरी सांगायचं; हे त्याला नुसतं तोंडी सांगून भागत नाही, महिन्यातून एकदा करून दाखवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत्याला सवड नसते. तेवढ्या तारखांचे फोटो याच्याच हातानं काढून घ्या आणि पुढच्या भेटीच्या तारखेवर त्यालाच चिकटवू द्या.